मेसच्या वाटीनं एक वाटी पालेभाजी

सोजरमावशींचं नाव आधी सांगतो, कारण मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळं. कळंबच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करतात. पाच वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी परभणीला आहारशास्त्र शिकायला गेलो तेव्हा नातेवाईक ‘स्वयंपाकाची डिग्री’ म्हणून हसले. मावशी हसल्या नाहीत. “बरं झालं, कुणी तरी आमचं काम शिकाया लागलं,” एवढंच म्हणाल्या.

त्याच मावशी त्या दुपारी तपासणीच्या टेबलावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या रिपोर्टवर आयएनआर एक पूर्णांक दोन आला होता.

मी धाराशिवच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा. तुमचा-माझा तो साधारण एक असतो. पण मावशींच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मावशींचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा होता. एक पूर्णांक दोन म्हणजे गोळी घेऊनही न घेतल्यासारखं.

सकाळी पीठ मळताना त्यांच्या हातातून परात निसटली. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. त्यांची लेक मीरा वसतिगृहात मदतीला असते. ती त्यांना जीपमध्ये घालून थेट आमच्याकडं घेऊन आली.

“दहा मिनिटांत बरं झालं, ही नशिबाची गोष्ट,” आमच्या फिजिशियन मॅडम म्हणाल्या. “छोटी गुठळी मेंदूकडं जाऊन विरघळली असणार. पुढची विरघळेलच असं नाही. मावशी, गोळी चुकवली का?”

“एक दिस न्हाय. इचारा मीराला.”

“न्हाय चुकवली मॅडम,” मीरा म्हणाली. “रोज रातच्याला माझ्यासमोरच घेती.”

“मग गेले तीन महिने रक्त का नाही तपासलं?”

“आता अंगात ताकद आलती,” मावशी म्हणाल्या. “म्हनलं कशाला सुई टोचून घ्यायची.”

“ताकद कशानं आली? खाण्यात काही बदल केला?”

मीरानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. मी तो लांबूनच ओळखला.

तो माझा चार्ट होता.

दिवाळीनंतर मी त्या वसतिगृहात शिबिर घेतलं होतं. फळ्यावर विषय लिहिला होता : शरीरातील अँटिऑक्सिडंट नैसर्गिकरीत्या कसे वाढवावेत. मला तो दिवस फार मोठा वाटला होता. जिथं ताट घेऊन रांगेत उभा राहायचो तिथं मी भाषण करत होतो. सोपं करून सांगायचं म्हणून मी एक वांगं चिरलं. थोड्या वेळानं ते काळं पडलं. म्हणालो, हवेमुळं असं होतं. आपल्या पेशींचीही अशीच झीज होत असते आणि ती थोपवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. दुसऱ्या फोडीला लिंबू चोळलं होतं, ती पांढरीच राहिली. मागून मावशी म्हणाल्या, “आमी मिठाच्या पाण्यात टाकतो, लिंबू कुठं परवडतंय.” सगळे हसले, मीही हसलो.

चार्ट वाईट नव्हता. आजही तो मी बदलणार नाही. ज्वारीची भाकरी, कारळाची किंवा जवसाची चटणी, आवळा नाहीतर पेरू, रोज एक वाटी पालेभाजी, भाज्या वेगवेगळ्या रंगांच्या. सात तास झोप, अर्धा तास चालणं, तंबाखू आणि मिश्री बंद. खाली लाल पेनानं माझी खास सूचना : शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पूड करा आणि भाकरीच्या पिठात घाला. बाटलीतल्या महागड्या गोळ्यांची गरज नाही, हेही मी ठासून सांगितलं होतं.

चूक चार्टमध्ये नव्हती, वाटपात होती. चार्ट देण्याआधी आम्ही एक फॉर्म भरून घेतो. वय, वजन, आजार, आणि चालू असलेली औषधं. त्या दिवशी मी बाकी प्रत्येकाचा फॉर्म भरला. वॉर्डनचा भरला, वॉचमनचा भरला. मावशींची पाळी आली तेव्हा मी वाकून पाया पडलो आणि कोरा फॉर्म बाजूला ठेवून सगळ्यात पहिला चार्ट त्यांच्या हातात दिला. त्यांचं ‘काळजाचं आप्रेशन’ झालं होतं, हे मला माहीत होतं. मी परभणीला असताना झालं. नेमकं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. आईच्या जागी असलेल्या बाईला छातीच्या ऑपरेशनबद्दल आमच्याकडं कुणी विचारत नाही. त्यांनीही सांगितलं नाही. न विचारण्यालाच मी मान समजलो होतो.

मॅडमनी कागद उलटसुलट पाहिला. सही होती, पण पाण्यानं पसरली होती.

“हा कुणी दिला?”

मावशींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “बाजारात वाटत व्हते कुणी तरी,” त्या म्हणाल्या. “नाव म्हाईत न्हाय.”

मीरानं मान खाली घातली. जी बाई आत्ता पाऊण तास मरणाच्या गोष्टी ऐकत होती, ती मला वाचवायला खोटं बोलत होती.

“मॅडम, चार्ट माझा आहे,” मी म्हणालो.

“फॉर्म?”

“भरला नाही.”

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. “भाषण नंतर करते. आधी यांनी किती खाल्लं ते विचार. नीट विचार.”

मी खुर्ची ओढून मावशींसमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न विचारले.

“पालेभाजी रोज?”

“रोज. पालक, चाकवत, हरभऱ्याची. तूच लिहिलंयस.”

“किती?”

“येक वाटी.”

“कुठली वाटी, मावशी?”

“मेसची. दुसरी कुठली असती?”

मेसची वाटी मला चांगलीच माहीत होती. वरणासाठी घेतलेली खोल, जाड बुडाची. माझ्या चार्टमधल्या तीन वाट्या तिच्यात बसतात. वर शिग असणारच, कारण मावशींनी उभ्या आयुष्यात सपाट वाटी कुणाला वाढली नाही. त्यात शेवग्याची पूड दोन्ही वेळच्या पिठात.

हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. ते रक्त गोठायला मदत करतं. गोळी नेमकी त्याच्या उलट काम करते. मावशी रात्री एक गोळी घ्यायच्या आणि दिवसभर माझ्या सहीनं ती पुसून टाकायच्या.

“ऑपरेशन केलेल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, पालेभाजी बेतानं खा म्हणून?” मॅडमनी विचारलं.

“सांगितलं व्हतं. नऊ वरसं पाळलं की.” मग माझ्याकडं बोट करून, “पर ह्यो शिकून आलाय. म्हनलं, आता नवीन निघालं आसंल.”

मी वाटीचा आणि पुडीचा हिशोब लिहून कागद मॅडमपुढं सरकवला.

स्कॅन झालं. मेंदूत इजा दिसली नाही. त्यांना ॲडमिट केलं, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली, गोळीचा डोस मॅडमनी ठरवला. आकडा लगेच वर येत नाही. मी रोज सकाळी ड्यूटीआधी लॅबच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो. एक पूर्णांक चार. एक पूर्णांक सात. तिसऱ्या दिवशी लॅबवाला म्हणाला, “डाएटिशियन साहेब, हितं उभं राहून आकडा वाढत नसतो.” सातव्या दिवशी दोन पूर्णांक सहा आला. दुसऱ्या दिवशीही तो टिकला, तेव्हा इंजेक्शन थांबलं.

घरी सोडताना मावशींनी मॅडमना विचारलं, “मग आता हिरवं बंद?”

“बंद नाही. खा, पण रोज सारखंच. तुमच्या खाण्याचा अंदाज घेऊनच आम्ही गोळी ठरवतो.”

मावशींनी थोडा विचार केला. “म्हंजी पन्नास पोरांच्या वरणाला मीठ टाकलं आन् जेवाया दीडशे आले.”

“अगदी तेच.”

“हे आदी सांगायचं की,” मावशी मला म्हणाल्या. “वांगं कशाला चिरत बसला व्हतास?”

मॅडमचं भाषण नंतर झालं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या आठवड्यात मी आमच्या फॉर्मचा क्रम बदलला. आता पहिली ओळ नावाची नाही, गोळ्यांची आहे, आणि गोळ्यांचं पाकीट बघितल्याशिवाय मी चार्ट देत नाही. ओळखीच्या माणसाला तर दोनदा विचारतो. अँटिऑक्सिडंट वाढवायला भाकरी, भाजी, फळ, झोप आणि चालणं पुरेसं आहे. फक्त ते कुणाच्या पोटात जाणार आहे, हे आधी माहीत असावं लागतं.

मावशी अक्षर लावून वाचतात, म्हणून मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं आणि एका डब्यात घालून कळंबच्या गाडीनं पाठवलं.

“मावशींना शिवाचा नमस्कार.

सोबत एक फॉर्म आहे. तुमचाच आहे, तीन महिने उशिरा. मीराकडून भरून घ्या. गोळ्यांची नावं पाकिटावर बघून लिहायला सांगा, आठवून नको. रक्त दर महिन्याला तपासायचं. ताकद आली तरी तपासायचं.

मिश्री सोडली ते फार चांगलं केलंत. चार्टमधलं तेवढं तुम्हाला लागू होतं.

मॅडमपाशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तसं पुन्हा करू नका. डॉक्टरला कुणाचं नाव लपवायचं नाही, माझं तर नाहीच.

डब्यात एक वाटी ठेवली आहे. मेसची नाही, छोटी आहे. मॅडमना दाखवून घेतली आहे. पालेभाजी रोज हिच्यातच घ्यायची, सपाट. वर शिग लावायची नाही आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. मला वाढताना तुम्ही हे एकदाही पाळलं नाही. स्वतःला वाढताना पाळा.

तुमचा,
शिवा”