कोळशातलं लोखंड

भट्टीतून काढलेला कोळसा समोर ठेवला की गड्डम मॅडम आधी विचारायच्या, "यात काय नाही, ते सांग." आम्ही काय आहे ते पाठ करून यायचो. मंगळवेढ्याहून सोलापुरात पीएच.डी.ला आलेल्या मला हा प्रश्न पहिल्या दिवशी कळलाच नाही.

मॅडम विणकर घरातल्या. फोनवर आईशी तेलुगूत बोलायच्या, आमच्याशी मोजक्या मराठीत. ज्वारीचा कडबा युरियासोबत बंद भट्टीत तापवून त्या सच्छिद्र कोळसा करत. युरियातला नायट्रोजन कोळशात मुरतो आणि त्यावर बसवलेल्या पॅलेडियमच्या महागड्या कणांना जागच्या जागी धरून ठेवतो. मग रासायनिक क्रिया वेगाने होते. कडबा आमच्याच रानातला. "वडलांना सांग, त्यांचं पीक प्रयोगशाळेत आलंय," त्या एकदा म्हणाल्या होत्या.

माझ्या नमुन्यांनी अपेक्षेच्या दुप्पट वेग दिला. शोधनिबंध छापून आला. मॅडमच्या बढतीच्या अर्जात तोच सगळ्यात वर होता. पुढच्या वर्षी एका नव्या विद्यार्थिनीला मात्र तो वेग काही केल्या मिळेना. मॅडमनी तिला बोल लावला नाही. माझे उरलेले नमुने तपासायला पाठवले. त्यांत लोखंड निघालं; जादा वेग त्याचाच होता.

"कशात कुटलंस?"

"चिनी मातीचा खल फुटला हुता, मॅडम. खोलीवरचा लोखंडी खलबत्ता आणला. लई घासून धुतला हुता की."

त्यांनी तपासणीचा अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "तू सांगितलं नाहीस. पण तो आकडा बघून मीही हुरळले, आणि 'यात काय नाही' हे तेवढं एकदाच विचारायचं राहिलं."

त्याच आठवड्यात त्यांनी निबंध मागे घेतला. पत्रात कुणाचं नाव न घेता लिहिलं, 'चूक माझी.' बढती हुकली. विभागात कुजबुज झाली. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. प्रयोग पुन्हा केले. वेग निम्माच आला, तोच आम्ही छापला. मला पदवी मिळाली आणि चिंचोळीच्या एका कारखान्यात नोकरीही.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभेत एक प्राध्यापक त्यांच्या 'त्या एका चुकीबद्दल' हळहळले. मी उठलो. "ती चूक माझी होती," एवढंच नीट बोलता आलं.

सभा संपल्यावर मॅडमचे भाऊ जवळ आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते हळूच म्हणाले, "आम्ही तिला लई विचारलं, कुणाच्या हातून झालं म्हणून. म्हणायची, पोराला अजून नोकरी लागायचीय."