प्लायवुडचा परदेश

मिस्तरींनी जन्मभर घरं उभी केली, पण राहायला त्यातल्या एकातही कधी कोणी गेलं नाही. सिनेमाच्या सेटचे सुतार ते. पुढून बघावं तर बंगला, मागे जाऊन बघावं तर प्लायवुड आणि टेकू. तीस वर्षांत त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

यंदाचा सिनेमा विनोदी होता. परदेशात एका फ्लॅटमध्ये राहणारे चार विद्यार्थी आणि त्यांचे घोळ. आर्ट डायरेक्टर म्हणाला, "मिस्तरी, तुमचा मुलगा तिकडेच शिकतो ना? त्याच्या खोलीची मापं मागवा. सगळं अस्सल पाहिजे." मिस्तरींची छाती फुगली. जेवणाच्या सुट्टीत, भुशात उभं राहूनच त्यांनी आधी बायकोला ही बातमी दिली, मग मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

मुलगा दोन वर्षं एकाच पांढऱ्या भिंतीसमोर बसून बोलायचा. मापं म्हटल्यावर त्याने टाळाटाळ सुरू केली.

"अरे, टेप नसेल तर पावलांनी मोज!" मिस्तरी खेकसले.

तेव्हा कुठे त्याने फोनचा कॅमेरा खोलीभर फिरवला. नऊ पावलं लांब, सहा पावलं रुंद, त्यात पाच जण. गाद्या तीनच, रात्रपाळीचे दोघं आले की बाकीच्यांनी उठायचं. खिडकी नाहीच. त्या एका भिंतीखेरीज सगळीकडे ओल.

"आईला सांगायचं नाही, बाबा. माझी शपथ आहे तुम्हाला."

मिस्तरींनी मापं कागदावर उतरवली. आर्ट डायरेक्टर तो कागद बघून हसतच सुटला. "अहो, या खुराड्यात कॅमेरा कुठे लावू? लोकांना हसवायचंय आपल्याला!" मग काय! मिस्तरींनी ऐसपैस दिवाणखाना ठोकला. भिंतभर खिडकी, पिवळे पडदे, प्रत्येकाला वेगळी खोली. प्रत्येक खिळ्यागणिक स्वतःला शिव्या घातल्या, पण काम चोख केलं. मेली सवय!

सिनेमा लागला तशी बायकोला आणि धाकट्या मुलीला घेऊन गेले. बायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बाहेर येऊन म्हणाली, "दोन वर्षं उगाच जिवाला घोर लावून घेतला हो मी. पोरगं किती मजेत आहे! आता धाकटीलाही पाठवू. भावाजवळ राहील." धाकटी तिथेच नाचायला लागली.

रविवारी सकाळी बायकोने फोनवर मुलाला हे सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"नको आई. तिला इथे नको पाठवू."

"का रे?"

"नको म्हणतोय ना!"

"वा रे वा! स्वतः राजासारखं राहायचं, आणि सख्ख्या बहिणीला एक खोली द्यायची तर जिवावर येतंय? हेच शिकवलं का मी तुला?"

मुलगा नुसता बापाकडे बघत राहिला. एका वाक्याचं काम होतं. मिस्तरींनी तोंड उघडलंही. पण समोर शपथ घालणारा मुलगा, शेजारी दोन वर्षांनी मोकळी हसलेली बायको. माणूस तिथेच भ्याला.

"अहो, तुम्ही तरी सांगा त्याला!"

"आईचं ऐक," मिस्तरी म्हणाले.

मुलाने मान हलवली आणि फोन ठेवून दिला.

धाकटी तेवढ्यात वही-पेन्सिल घेऊन आली. "बाबा, दादाच्या घराची मापं तुम्ही घेतली होती ना? माझं टेबल मावेल का हो तिथे?"

"मावेल," मिस्तरी म्हणाले.