सुरू न होणाऱ्या सर्व्हिसबाबत व सकाळच्या फोनबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय पन्नाशीपुढे, शिक्षण नववीपर्यंत, धंदा अर्जलेखन, राहणार मनवेलपाडा, विरार पूर्व, दुकान गोखिवरे येथे. प्रतिपक्ष: माझी एकुलती मुलगी, राहणार बंगळूर, नोकरी संगणकाची. घटनेचा काळ: दिवाळीपासून होळीपर्यंत, दररोज सकाळी. साक्षीदार: समोरचा चहावाला, जो ऐकतो सर्व, पण सही कशावरच करत नाही.

वस्तुस्थिती येणेप्रमाणे. माझ्या पत्नीच्या निधनानंतर मुलीने दुकानात टेबलाखाली एक सर्व्हर बसवून दिला. आजवर मी लिहिलेले अर्ज, ज्यांतील एका शब्दालाही वकील हात लावत नाहीत, ते त्याला जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर ठेवले. टेबलावरच्या दोन्ही संगणकांना ते तिथून मिळावेत म्हणून एक सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरमध्ये आतल्या आत चालणारा प्रोग्राम, लावली. गाळ्याची वायरिंग जुनी असल्याने मी घरी निघताना मेन स्विच बंद करतो. त्यामुळे सर्व्हर रोज सकाळी नव्याने चालू होई आणि ती सर्व्हिस मात्र रोज सुरू होण्याचे नाकारी.

मग मी मिस्ड कॉल देई, आणि तिचा फोन येई. त्याआधी तो फक्त रविवारी येत असे, तोही सवड असल्यास.

"लाल अक्षरांत काय आलंय, बाबा?"

"सदर सर्व्हिस सुरू होण्यास असमर्थ ठरली आहे."

"असं नसतं हो लिहिलेलं. जसंच्या तसं वाचा."

"फेल्ड."

"हां. आता सांगते ते टाईप करा."

ती एकेक अक्षर सांगे, मी एकेक दाबी. हाताने लावली की सर्व्हिस निमूट चालू होई. मधल्या वेळात ती रात्री काय जेवलात, गोळी घेतली का, असे विचारी. मी क्रमाने उत्तरे देई.

एकदा खाडीकाठचा एक शेतकरी खोळंबला होता. तो म्हणाला, "माझ्या शेतात खारं पानी शिरलंय, न तू पोरीशी पेटीचं बोलत बसलास." तांत्रिक कामात व्यत्यय आणू नये, अशी समज मी त्यास दिली.

होळीच्या सुमारास मुलगी म्हणाली, "हाताने लावली की चालते, सर्व्हर चालू होताना आपोआप लागली की पडते. म्हणजे सर्व्हिस ठीक आहे, वेळ चुकतेय." तिने मला सुरुवातीपासूनची सगळी नोंद वाचायला लावली. मी ती जबानीसारखी सावकाश वाचली.

"सापडलं. डिस्क तयार व्हायच्या आधीच सर्व्हिस उठते. फोल्डर दिसत नाही, म्हणून पडते. तुम्ही हाताने लावता तोवर डिस्क आलेली असते."

"म्हणजे जोडपत्रे येण्याआधीच अर्ज दाखल केला."

ती हसली. फार दिवसांनी हसली. "अगदी तसंच. दोन ओळी घालू. आधी डिस्क, मग सर्व्हिस."

मी हरकत नोंदवली. कायमस्वरूपी उपाय घाईने करू नये; चालू व्यवस्था समाधानकारक आहे.

"बाबा, त्याच वेळेला माझी मीटिंग असते. मी रोज उठून बाहेर जिन्यात येते तुमच्यासाठी."

हे मला कोणी कळवले नव्हते. मी हरकत मागे घेतली आणि त्या दोन ओळी माझ्याच हाताने टाईप केल्या.

तेव्हापासून सर्व्हर चालू होतो, डिस्क येते, मागोमाग सर्व्हिस येते. कोठेही लाल अक्षर नाही.

"काका, आज पोरीचा फोन नाही?" चहावाल्याने विचारले.

"यंत्रणा सुरळीत आहे," मी म्हणालो.

तरीही सकाळी खुर्चीत बसून मी सर्व्हिसची स्थिती विचारतो. ती हिरव्या अक्षरांत चालू असल्याचे सांगते. मला ती काही विचारत नाही. रविवारी मात्र फोन येतो. गेल्या दोन रविवारी सवड नव्हती.

सबब प्रतिपक्षास विनंती की, अर्जदाराकडे आता कोणताही बिघाड शिल्लक नाही हे लक्षात घेऊनही, बिघाडाविना फोन करण्याची काही तरतूद करावी. वार व वेळ प्रतिपक्षाच्या सोयीची असावी. अर्जदार दुकानातच असतो. उत्तर लेखी नको, तोंडी मिळावे.