न उचललेली रक्कम

शेवटची भेट लिफ्टपाशी झाली. मी ऑफिसला निघाले होते, विनूदादा भाजी घेऊन वर चालला होता. "संध्याकाळी अर्धा कप चहाला ये," म्हणाला. मला जमलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला... दादा झोपेतच गेला होता. आज सात आठवडे झाले. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

दादा माझ्या नात्याचा नव्हे. इथे परदेशात, सेरंगूनला आमच्याच ब्लॉकमध्ये तीन मजले वर राहणारा, जहाजावर चीफ इंजिनिअर होऊन मग बंदरातल्या एका कंपनीत रुजू झालेला. पुण्याहून मी एकटी आले तेव्हा पहिले सहा महिने रविवारी त्याच्याच घरी जेवले. जहाजावर स्टोअरमधून कामापुरतंच सामान काढायचं, ही त्याची शिस्त घरातही चालायची. चहासुद्धा अर्धा कप. उरलेला पातेल्यात झाकलेला. "लागला तर पुन्हा घेईन," म्हणायचा आणि दर वेळी घ्यायचा.

त्याच्या मुलीला, सायलीला, डेंटिस्ट्रीला प्रवेश मिळाला तेव्हा बँकेने तिच्या नावावर, दादाच्या हमीवर, पूर्ण शिक्षणापुरती लाइन ऑफ क्रेडिट मंजूर केली. लागेल तसे पैसे उचलायचे, उचलले तेवढ्यावरच व्याज. दादाला हे इतकं पटलं की जणू त्याच्यासाठीच कुणी शोधून काढलं होतं. मी म्हटलं होतं, "दादा, मंजूर झालेत तर सगळे काढून ठेव." तो हसला. "न वापरलेल्या पैशाचं व्याज कशाला भरू?" उचललेल्याचं व्याज मात्र दर महिन्याला स्वतः भरायचा, पोरीच्या डोक्यावर साचू नये म्हणून.

आणि त्याच शिस्तीने घात केला. शेवटच्या वर्षाची फी उचलायची राहिली होती. सायलीबरोबर मी बँकेत गेले. काउंटरवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "सॉरी, गॅरंटर डिसीज्ड, सो फॅसिलिटी सस्पेंडेड." नवा हमीदार आणा, तोवर एक डॉलर मिळणार नाही. त्याच आठवड्यात दादा-वहिनींच्या जॉइंट अकाउंटमधून व्याज मात्र वेळेवर कापलं गेलं. सायली बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, थ्री इयर्स बाबांनी एकदा पण लेट पे केलं नाही. हाऊ कॅन, लाइक दॅट?" सगळे पैसे आधीच उचलणारा बेफिकीर माणूस मेला असता, तर त्याच्या मुलीची फी भरली गेली असती.

पण बँकेला तरी किती बोलू? शोकसभेत "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना वहिनींनी खरोखरच सांगितलं, सायलीला हमीदार हवाय. कुणाचा इथे राहायचा वर्क पास संपत आला होता, कुणाचं फ्लॅटचं कर्ज व्हायचं होतं. सगळे वहिनींच्या हातचं पोटभर जेवलेले. आणि मी? मी पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी, पगार पुरेसा, तरी तीन दिवस कॅलक्युलेटर घेऊन बसले. लाज वाटते. चौथ्या दिवशी बँकेत जाऊन हमीदार म्हणून सही केली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी वर गेले. सायलीची फी भरली गेली होती. वहिनींनी चहा टाकला, मला अर्धा कप दिला आणि सवयीने उरलेला पातेल्यात झाकून ठेवला. मग झाकणावरचा हात त्यांना काढवेना. मी माझा कप संपवला आणि पुढे केला.

"वहिनी, अजून घेते," म्हटलं.