गाडी दारात यावी म्हणून

धनराज भालेराव सकाळी उठला की चहाच्या आधी डबीला हात घालायचा. प्लास्टिकची डबी, तिच्यात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांच्या बारीक गुंडाळ्या. देवळालीगावातल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाच्या उपासनेला प्रत्येक जण अशी एक गुंडाळी उचलतो आणि वर्षभर जपून ठेवतो. धनराज रोज उचलायचा. मनासारखी निघाली नाही तर परत उचलायचा. याला तो देवाची इच्छा शोधणं म्हणायचा.

तोवर त्याची बायको छाया सासूची आंघोळ उरकून, भाकरी बांधून टेंपोसाठी निघालेली असायची. द्राक्षांच्या दिवसांत ती निफाडकडच्या पॅकहाऊसवर कामाला जायची. दिवसभर उभं राहायचं आणि घडातला फुटका मणी कात्रीनं काढायचा. घड बघितल्याशिवाय तिथं कात्री चालत नाही.

धनराज आयटीआय शिकलेला फिटर. अंबडच्या एका कारखान्यात लागला होता. रात्रपाळी लागली तेव्हा त्याला कळलं की देवाला तो तिथं नको आहे. मग रिक्षा घेतली. चैत्राचं ऊन तापल्यावर मनाला शांती राहिली नाही, म्हणून रिक्षा गेली. मंडळीच्या आवारातला नळ गळत होता तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तू फिटर आहेस, बघ जरा." धनराज म्हणाला, "प्रार्थना करून कळवतो." नळ शेवटी पाळकसाहेबांनीच बसवला, तेही स्वतःच्या पान्यानं.

छायानं एक पाहून ठेवलं होतं. ज्या बाजूला घाम गाळावा लागेल त्या बाजूला देवाची इच्छा कधी निघत नाही.

इथवर चाललं. पण मग कुसाबाईचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. कुसाबाई धनराजची आई. उभं आयुष्य दवाखान्यात आया म्हणून राबलेली, दुसऱ्यांची घाण काढलेली बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डावा तर दसऱ्यापासून ठणकायचा, लाल व्हायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वेळ घालवला तर नजर परत येणार नाही.

घोटीकडच्या एका धर्मादाय दवाखान्याचं शिबिर दिवाळीनंतर झालं. धनराजला वचन निघालं ते धीर धरण्याचं. ते शिबिर गेलं. खरी अडचण वेगळीच होती. छायाला तेव्हा बागेतल्या मजुरीतून सुट्टी नव्हती, आणि पेशंटसोबत घरचं एक माणूस राहायला हवं होतं. रात्री उठवायला, संडासला न्यायला. ते माणूस म्हणजे धनराज.

माघात तिथलंच दुसरं शिबिर आलं. पाळकसाहेबांनी मंडळीतल्या म्हाताऱ्यांसाठी जीप ठरवली.

"आता तरी आईंना घेऊन जा," छाया म्हणाली.

"मी देवाकडं खूण मागितलीय."

"कसली?"

"त्याची इच्छा असेल तर गाडी आपल्या दारात येईल."

छाया चपला घालत होती. "देवानं गाडी दारात आणली, तर आईंना उचलून आत बसवायलाही त्यालाच सांगा."

संध्याकाळी ती परत आली तेव्हा कुसाबाई खाटेवर धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. शेजारी कपड्यांची पिशवी. डावा डोळा तिनं पदरानं दाबून धरला होता.

"आई, गेला नाहीत?"

"गाडी आली होती. मी हॉर्न ऐकला. झुंबरनं हाका पण मारल्या."

झुंबर म्हणजे जीपचा ड्रायव्हर, चांदवडकडचा गडी. बाकीच्यांना घोटीला सोडून परतल्यावर तो नळावर भेटला तेव्हा त्यानं छायाला सगळं सांगितलं. गल्लीत बांधकामाची खडी पडली होती, म्हणून त्यानं जीप कोपऱ्यावर उभी केली आणि चालत दारापर्यंत आला.

"म्हटलं, भालेराव, म्हातारीला आना, समदे खोळंबलेत. तर म्हनला, गाडी दारात नाय आली. म्हटलं, बाबा, खडी हाय. तर म्हनला, तेच, देवानंच अडवलं. आता काय बोलनार वहिनी? लय वाट पाहिली. मंग गेलो."

छाया घरात आली. धनराज डबी पुढ्यात घेऊन बसला होता. ती त्याला काही बोलली नाही. फुटक्या मण्याशी कोणी बोलत नाही. तिनं मुकादमाला फोन करून कामावर येत नाही म्हणून सांगितलं. सकाळी सासूचा हात धरून त्या खडीवरून कोपऱ्यापर्यंत चालत नेलं, मग रिक्षा, मग घोटीची एसटी. म्हातारीला दोनदा ठेच लागली. तिनं तक्रार केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्यात दाब वाढून आतली शीर मेली होती. उजव्याचं ऑपरेशन होण्यासारखं होतं.

"डाव्याला उशीर झाला, आजी. दिवाळीत यायला हवं होतं."

"यायचं होतं," कुसाबाई म्हणाली.

उजव्याचं ऑपरेशन झालं. दोघी घरी आल्या त्या दिवशी त्यांच्याकडं प्रार्थनेची घरसभा होती. पाळकसाहेब आणि मंडळीतल्या चार बाया जमल्या होत्या. गाणं झाल्यावर धनराज साक्ष द्यायला उठला. आवाज जड करून म्हणाला, देवानं आईला एक डोळा दिला, एक ठेवून घेतला, ही त्याचीच इच्छा, आपण नम्र व्हावं.

पाळकसाहेबांनी गाण्यांचं पुस्तक मिटलं.

"धनराज, बस खाली," कुसाबाई म्हणाली. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, तरी तिनं त्याच्या आवाजाकडं तोंड वळवलं. "उजवा देवानं दिला, छायाच्या हातून. डावा त्याच्या नावावर टाकू नको. तो तुझा आहे. तुझ्याजवळच ठेव."

धनराज बसला. प्रार्थना पाळकसाहेबांनी केली, आणि लवकर आटोपली.

दुसऱ्या दिवशी टेंपोची वेळ झाली. धनराजचा हात सवयीनं डबीकडं गेला. छायानं डबी उचलून फळीवर ठेवली आणि त्याच्या हातात औषधाची बाटली दिली.

"दर चार तासांनी एक थेंब. आधी हात साबणानं धुवायचे. याच्यासाठी वचन काढावं लागत नाही."

ती गेली. धनराजनं बाटली उलटसुलट करून पाहिली. कुसाबाईनं पट्टी वर सारली, मान मागं टाकली आणि एकच डोळा उघडून त्याच्याकडं बघत बसली. आता तिला तो नीट दिसत होता. शेवटी त्यानं हात धुतले आणि वाकला. थेंब गालावर पडला.

"पडला," तो म्हणाला.

"दिसतंय मला," म्हातारी म्हणाली. "परत घाल."