खडवलीचा गोरा

माझ्या मुलीने ऑस्ट्रेलियातल्या मुलाशी लग्न केलं. गेल्या हिवाळ्यात त्याची आई आमच्याकडे मानपाड्याला राहायला आली. मी तिला विहीणबाई म्हणायचे. तिनेही तो शब्द उचलला आणि मलाच विहीणबाई म्हणू लागली.

एकदा चहा घेताना तिने येण्याचं खरं कारण सांगितलं. तिचा खापरपणजोबा मूळचा इंग्लंडचा. मेंढी चोरली म्हणून त्याला बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलेलं, आपल्याकडे काळ्या पाण्यावर पाठवायचे तसं. सुटल्यावर त्याने तिथेच लग्न केलं, एक मुलगा झाला, आणि मग घोडे घेऊन मुंबईला निघालेल्या एका बोटीवर तो चढला. कल्याणच्या पुढे रेल्वेचं काम चाललेलं, तिथे तो लागला, एवढंच घरच्यांना कळलेलं. पुढे काहीच नाही. तिच्या आजीसमोर त्याचा विषय निघाला की आजी उठून आत जायची. आधी चोर, वर बायकोपोराला टाकून गेलेला.

कल्याणच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही दोघी गवत बाजूला सारत हिंडलो. दगडांवरची अक्षरं झिजलेली. हाती काही लागलं नाही. घरी आल्यावर मी सहज शेजारणीला हे सांगितलं. तिचं माहेर खडवलीजवळचं. ती म्हणाली, आमच्याकडे रुळांच्या खालच्या अंगाला एक गोरा आहे. ती ‘होता’ म्हणाली नाही, ‘आहे’ म्हणाली.

रविवारी ती आम्हाला घेऊन गेली. तिची म्हातारी चुलती काठी टेकत आमच्या पुढे चालली. शेताच्या बांधाला एक आडवा दगड होता, त्यावर ना नाव ना खूण. चुलती सांगू लागली. रेल्वेच्या कामावरचा हा गोरा पटकीने मेला, बरोबरच्यांनी त्याला इथेच पुरला. तिन्हीसांजेला तो बांधावर पाठमोरा बसतो. अंगात सदरा नसतो. त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, पण पाठ गावातल्या बऱ्याच जणांनी पाहिलीय. पाठभर वळ, मारकुट्या मालकाच्या बैलासारखे. तो कुणाला त्रास देत नाही, पण ज्याला दिसतो त्याला पुढे कित्येक दिवस अन्न गोड लागत नाही.

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. वळांपाशी आले तेव्हा विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. तिकडे कैद्यांना चाबकाने फोडायचे, त्यालाही फोडलेलं, असं ती म्हणाली. हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मग तीच म्हणाली की असे फटके तेव्हा गोऱ्या सोल्जरांनाही बसायचे, हा दुसराच कुणी असेल. पण माझं मनगट तिने सोडलं नाही.

बाई का रडते, चुलतीने विचारलं. मी सांगितलं. तिने विहीणबाईंकडे नीट निरखून पाहिलं.

“तुमचा हाय ना त्यो? मंग न्या त्याला घरी.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. विहीणबाई दगडाकडे वळली.

“कुठल्या घरी?” ती म्हणाली.

चुलती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला ते मराठीत सांगवेना. विहीणबाई दगडाशेजारी मातीत बसली आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिली. मी लांब उभी राहिले. काय बोललीस, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

ती परत गेली. महिन्याभराने मुलीचा फोन आला. म्हणाली, आई, सासूबाई हल्ली संध्याकाळी मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडतात. एकीवर स्वतः बसतात, दुसरीवर कुणाला बसू देत नाहीत. तिकडे नक्की झालं काय? मी म्हटलं, बसू दे त्यांना.

परवा शेजारीण माहेरी जाऊन आली. मी न विचारताच म्हणाली, गोरा बांधावर बसतोय अजून, चुलतीने पाहिला.

हे मी तिकडे कळवलेलं नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्या खुर्चीचा विचार येतो आणि हात थांबतो.