पुट्टीच्या भिंतीवरचं कुंकू
शेजारी पुट्टी घासणं सुरू आहे, आणि तो कोरडा, चुनखडीसारखा वास खिडकीतून आला की मला आमच्या बाहेरच्या खोलीचं काम आठवतं. रंगाआधी पुट्टीचे दोन हात ठरले होते. कारागीर वांकिडीकडचा, बोलायला फार गोड, आणि तेच मला खटकत होतं. आम्ही नवराबायको दिवसभर नोकरीवर. आमच्यामागे हा दुसरा हात देईल, की पहिलाच घासून मोकळा होईल, कोण पाहणार? सकाळी निघताना पेन्सिल सापडली नाही, म्हणून देवघरातल्या कुंकवाचं बोट दाराआड, पहिला हात वाळलेल्या भिंतीवर टेकवलं. दुसरा हात बसला, तर ठिपका झाकला जाईल. संध्याकाळी चपला न काढताच दाराआड डोकावले. ठिपका तसाच, लालभडक. "दुसरा हात दिलाच नाही तुम्ही," मी म्हणाले. त्याने पांढरे हात फडक्याला पुसले. "काऊन ताई? हात फिरवून पाहा ना." भिंत काचेसारखी गुळगुळीत होती. फक्त ठिपक्यापाशी बोट किंचित खाली उतरलं. रुपयाएवढा खळगा होता, काठ निगुतीने गोल केलेले. "कुंकू दिसलं," तो म्हणाला, "त्याच्यावर पुट्टीचा पत्रा कसा फिरवू? तुमी पूजा केली असन म्हनून तेवढी जागा सोडली." मला खरं सांगवेना. त्याच्यासमोर मी त्या ठिपक्याला हात जोडले. पुढे रंगवतानाही तो सोडला गेला. नवरा अजून रोज घराबाहेर पडताना तिथे हात जोडतो, आणि मी त्यालाही काही सांगितलेलं नाही.